प्रसिद्धी म्हणजे काय? बॅनरवरची वेगळी, नोटीस बोर्डावरची वेगळी

"पेपरात प्रसिद्ध केलं होतं. तुम्ही वाचलं नाही, त्याला आम्ही काय करणार?"

तहसील कार्यालयात, प्रांताकडे किंवा भूसंपादनाच्या टेबलावर हे वाक्य ऐकून परत आलेला माणूस शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ यातल्या कुठल्याही तालुक्यात शोधायला लांब जावं लागत नाही. त्याचं म्हणणं असतं की आपल्याला कळवलंच नाही. कार्यालयाचं म्हणणं असतं की प्रसिद्धी दिली. दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण दोघं ‘प्रसिद्धी’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरत असतात. हा फरक माहीत नसल्यामुळे हरकतीची मुदत निघून जाते आणि मग वकिलाची फी सुरू होते.

शब्द एक, अर्थ दोन

‘प्रसिद्ध’ हा संस्कृतातून आलेला शब्द. त्याचा साधा अर्थ सगळ्यांना माहीत असलेलं. मराठीत तो दोन क्रियापदांबरोबर चालतो आणि तिथेच अर्थ फुटतो. ‘टिटवाळ्याचा महागणपती प्रसिद्ध आहे’ या वाक्यात लोकांना आधीच माहीत आहे, नाव झालेलं आहे, असा अर्थ आहे. ‘प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध केली’ या वाक्यात मात्र नाव होण्याचा काही संबंध नाही. यादी कोणी पाहिली की नाही हेही त्यात नाही. ती कुणालाही पाहता येईल अशी बाहेर ठेवली, एवढंच त्यात आहे.

म्हणजे ‘प्रसिद्ध असणे’ लोकांच्या हातात आहे आणि ‘प्रसिद्ध करणे’ कार्यालयाच्या हातात. मुरबाडच्या म्हसा यात्रेची जाहिरात कोणी केली नाही तरी पौष पौर्णिमेला बैलबाजार भरतोच. उलट पेपराच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात छापलेली नोटीस ‘प्रसिद्ध’ झालेली असते, पण गावात ती एकालाही माहीत नसते.

बोलण्यात याच घरातले बरेच शब्द येतात. ‘जाहीर’ म्हणजे उघड, हा अरबीतून आलेला शब्द. ‘जाहिरात’ त्याचीच सोयरी. पैसे देऊन केलेली ती जाहिरात, मतं किंवा विचार पटवण्यासाठी केलेला तो प्रचार. नको तेवढी केली की गाजावाजा, आणि जी गोष्ट झाकून राहावी असं वाटत होतं ती फुटली की बोभाटा. ‘डांगोरा पिटू नको’ म्हणताना जुन्या वाद्याची आठवण कुणाला राहिलेली नसते. तरुण पोरं सरळ ‘पब्लिसिटी’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा टोमणा म्हणून: "झाड लावायला एक, फोटोत पंधरा, नुसती पब्लिसिटी." या वाक्यात ‘प्रसिद्धी’ हा शब्द घातला तर टोमण्याची धार जाते. मराठी माणूस ‘प्रसिद्धी’ला थोडा मान देतो, ‘पब्लिसिटी’ला देत नाही.

कामाच्या ठिकाणी मात्र हा शब्द मानाचा नसून तारखेचा आहे.

दवंडीत ऐकायला यायचं

पूर्वी गावात प्रसिद्धी म्हणजे दवंडी. कोतवाल हलगी नाहीतर डबा वाजवत आळीआळीतून फिरायचा. शेतसारा, लसीकरण, ग्रामसभा, हरवलेलं जनावर, सगळं त्याच्या तोंडून कळायचं. दवंडीत एक गोष्ट आपोआप होती, ती म्हणजे माणूस घरी असला तर ऐकायलाच यायचं. वाचता येत नसलं तरी चालायचं. दवंडीच्या जोडीला चावडीवरचा कागद असायचा.

आता चावडी म्हणजे बहुतेक ठिकाणी तलाठ्याचं सजा कार्यालय. पदाचं नावही बदललं, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. दवंडी काही गावांत ग्रामसभेपुरती राहिली, बाकी तिची जागा व्हॉट्सअॅप ग्रुपने घेतली. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लावायची असते. ती लागली का, हे बघायला बोर्डाजवळ जाणारे किती, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरतं मोजावं.

कल्याणजवळच्या २७ गावांचा घोळ तर वेगळाच. ही गावं १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. २०२० मध्ये त्यातली १८ गावं वेगळी काढायचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. प्रत्येक वेळी सूचना लागायची जागा बदलली. ग्रामपंचायत गेली की तिचा बोर्डही गेला. बांधकाम, कर, आराखडा यांच्या सूचना महापालिकेकडे गेल्या, सातबाऱ्याच्या मात्र तलाठ्याकडेच राहिल्या. जुन्या माणसांची नजर अजून जुन्या बोर्डाकडे जाते.

कोर्ट काय म्हणतं

कायद्याच्या दृष्टीने प्रसिद्धी म्हणजे नेमकं काय, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन जुन्या निकालांत चांगलं दिसतं.

पहिला १९५१ चा. जयपूर संस्थानात महाराज अल्पवयीन असताना तिथल्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूबद्दलचा कायदा ठराव करून मंजूर केला, पण तो कुठेच प्रसिद्ध केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने दंड रद्द केला. जो कायदा लोकांना कळेल अशा रीतीने बाहेरच आणला नाही, तो लोकांवर लादता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

दुसरा १९६४ चा, आपल्या मुंबईतला. मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन माणूस अंगावरच्या जाकिटात ३४ किलो सोनं घेऊन झुरिकहून मनिलाला निघाला होता. २८ नोव्हेंबर १९६२ ला विमान मुंबईत थांबलं, तो खाली उतरलाही नाही, पण झडतीत सापडला. असं सोनं नेण्याबाबतची रिझर्व्ह बँकेची नवी अट २४ नोव्हेंबरच्या भारताच्या राजपत्रात आली होती, म्हणजे अवघे चार दिवस आधी. तो म्हणाला, मला माहीतच नव्हतं. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने दोषी धरलं. राजपत्रात आलं, प्रसिद्धी झाली, माहीत नव्हतं हा बचाव चालणार नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की आपल्या कामाचं सूत्र हातात येतं. प्रसिद्धीच झाली नसेल तर सरकारचं पाऊल कच्चं. प्रसिद्धी नियमाप्रमाणे झाली असेल तर ‘मी वाचलं नाही’ याला किंमत नाही. म्हणून कार्यालयात "मला कळलं नाही" म्हणून भांडण्यापेक्षा "प्रसिद्धी कुठे, कोणत्या तारखेला, कशी दिली ते दाखवा" असं लेखी मागणं जास्त उपयोगाचं. पेपरचं कात्रण, बोर्डावर कागद लावल्याचा पंचनामा, दवंडीचा अहवाल हे फाइलला असायला हवं, आणि माहितीच्या अधिकारात मागता येतं.

फेरफार: गावातली सगळ्यात महत्त्वाची प्रसिद्धी

शेतकऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान जिथे होतं ती जागा फेरफाराची आहे. खरेदी झाली, वारस लागले, हक्कसोड झालं, वाटणी झाली की तलाठी फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद घालतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्याच वेळी त्या नोंदीची पूर्ण प्रत चावडीत दिसेल अशा जागी लावायची असते आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी नोटीसही द्यायची असते. हरकतीला नोटिशीपासून १५ दिवस मिळतात. हरकत आली तर नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो.

आता समजा, मुरबाड तालुक्यातल्या गावात वडील वारले. दोन भाऊ गावी, बहीण लग्न होऊन डोंबिवलीला. वारसांच्या अर्जात बहिणीचं नावच घातलं नाही. नाव नाही म्हणून तिला नोटीस नाही. राहिला चावडीवरचा कागद, तो ती डोंबिवलीतून कसा वाचणार? १५ दिवस संपतात, नोंद मंजूर होते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तो मरत नाही. पण पुढे जमीन विकली गेली की तो हक्क शोधायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

यासाठी सरकारच्या महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ नावाची सोय आहे, आणि ती फुकट आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, दिसणारी अक्षरं भरायची, की त्या गावात सध्या नोटीस काढलेले फेरफार दिसतात: नंबर, प्रकार, तारीख, गट क्रमांक आणि हरकत घ्यायची शेवटची तारीख. सगळ्यात कामाचा रकाना हा शेवटच्या तारखेचा. चावडीवरचा कागद वाऱ्याने उडतो, उधई खाते, कधी कोणी मुद्दाम फाडतो. हा मोबाइलवर दिसतो. महिन्यातून दोनदा आपल्या गावाचं नाव टाकून बघितलं तरी १५ दिवसांची मुदत सहसा हातातून जात नाही. कल्याण, डोंबिवली, ठाण्याला राहणाऱ्या आणि गावी जमीन असलेल्या घरांनी तर हे काम एका माणसाकडे नेमून द्यावं.

मुदत गेलीच तर सगळं संपलं असं नाही. मंजूर नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे म्हणजे प्रांताकडे ६० दिवसांत अपील होतं, आणि उशीर झाला असेल तर कारण दाखवून उशीर माफ करण्याचा अर्ज देता येतो. प्रसिद्धीत किंवा नोटिशीत खोट असेल तर ती इथे उपयोगी पडते.

रस्त्याची जमीन आणि दिवसांची मोजणी

या पट्ट्यातून रस्ते किती गेले आणि किती जायचे आहेत हे सांगायला नको. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आमणे भिवंडी तालुक्यात. विरार-अलिबाग मार्गिकेची आखणी भिवंडी, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांतून आहे. गावात मोजणीची माणसं येतात तेव्हा लोक जागे होतात. तोवर पहिली अधिसूचना बऱ्याचदा निघून गेलेली असते.

नोटीस हातात आली की आधी ती कोणत्या कायद्याखाली आहे ते वाचावं, कारण दिवस वेगवेगळे आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत (एक स्थानिक भाषेतलं), ग्रामपंचायत किंवा महापालिकेत, जिल्हाधिकारी, प्रांत आणि तहसील कार्यालयात आणि संकेतस्थळावर द्यावी लागते. हरकतीला ६० दिवस. ही अधिसूचना निघाली की जिल्हाधिकाऱ्यांनी खास सूट दिल्याशिवाय त्या जमिनीचा व्यवहार करता येत नाही, हे विसरून साठेखत करणारे अडकतात.

राष्ट्रीय महामार्गाचं वेगळं. १९५६ च्या कायद्यात कलम ३-अ ची अधिसूचना राजपत्रात येते, तिचा सारांश दोन स्थानिक पेपरांत, आणि हरकतीला फक्त २१ दिवस. दोन महिने आहेत असं समजून बसलेल्या माणसाचे दिवस तिसऱ्या आठवड्यातच संपतात. पुढे कलम ३-ड ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची झाली. त्यानंतर भांडण उरतं ते मोबदल्याचं. दोन्ही कायद्यांत दिवस मोजायचे ते अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून. शेजाऱ्याने कधी सांगितलं ती तारीख कोणी विचारत नाही.

वकिलाची जाहीर नोटीस

पेपरात आणखी एक चौकोन येतो: ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की, आमचे अशील...’ आणि खाली ‘१४ दिवसांत हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल’. हा सरकारी कागद नाही. जमीन घेणारा आपली चौकशी झाली हे दाखवण्यासाठी तो छापतो. १४ दिवस उत्तर दिलं नाही म्हणून खऱ्या मालकाचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. तरीही आपला गट क्रमांक दिसला तर वकिलाच्या पत्त्यावर लेखी हरकत रजिस्टर पोस्टाने टाकून पोच जपून ठेवावी. पुढे घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त मात्र कायद्याने सगळ्या जगाला दिलेली सूचना मानला जातो. जमीन घेताना तो शोध घेतला नाही, तर फसलो असं सांगून फारसा उपयोग होत नाही.

घरांची जाहिरात

गावची जमीन विकून कल्याण-डोंबिवलीत फ्लॅट घेणारी कुटुंबं कमी नाहीत. त्यांना जाहिरात हीच पहिली माहिती. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा प्रकल्प नोंदणीशिवाय विकायचा तर सोडाच, त्याची जाहिरातही करता येत नाही. प्लॉट पाडून विकणाऱ्यांनाही हे लागू आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रत्येक जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड हवा. शहापूर-मुरबाडच्या रस्त्याला ‘फार्महाऊस प्लॉट, हप्त्याने’ असे बोर्ड दिसतात, त्यांच्यावर हा कोड आहे का ते मोबाइल काढून बघावं.

पण नुसत्या नंबरवर थांबू नये, हे कल्याण-डोंबिवलीनेच शिकवलं. तिथल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती. जाहिरात होती, नंबर होता, बँकांची कर्जंही मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचे आदेश दिले आणि हजारो कुटुंबांची झोप उडाली. परवानगी खरी आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारणं हे त्या नंबरच्या पलीकडचं काम आहे.

बॅनरची प्रसिद्धी

वाढदिवस, निवड, सत्कार, दहीहंडी. चौकात भाऊ, दादा, आबांचे फोटो. ही प्रसिद्धी कुणाला बंदी नाही, पण परवानगीशिवाय फलक लावणं १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्याने गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सगळ्या महापालिकांना याबाबत सक्त आदेश दिले. १३ मे २०२४ ला घाटकोपरला फलक पडून १७ माणसं गेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कल्याणच्या सहजानंद चौकातही एक मोठा फलक कोसळला. चौकात अजून बॅनर आहेत.

निवडणुकीत तर प्रसिद्धी शिक्षेसारखीही वापरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर ज्याच्यावर फौजदारी खटले आहेत त्या उमेदवाराला ते स्वतःच्या खर्चाने पेपरात आणि टीव्हीवर द्यावे लागतात, तेही तीन वेळा. बॅनरवर ते कोणी छापत नाही.

ग्रुपवर टाकलं म्हणजे प्रसिद्ध केलं

शेवटची गोष्ट मोबाइलची. अनेकांना वाटतं की प्रसिद्ध करणं हे पेपरवाल्यांचं काम, आपण फक्त पुढे पाठवलं. कायदा तसं मानत नाही. बदनामीचा मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचला की तो प्रसिद्ध झाला, मग गावच्या ग्रुपमध्ये पंधराच माणसं असोत. भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे. अत्याचारग्रस्त महिलेचं नाव, फोटो किंवा ओळख पटेल असं काही टाकणं कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ आहे. ‘न्याय मिळावा म्हणून टाकलं’ हे कारण तिथे चालत नाही, आणि पोस्ट नंतर पुसली तरी स्क्रीनशॉट राहतो.

तोच फोन नोटिशीच्या कामाला मात्र चांगला आहे. बोर्डावर नोटीस दिसली की पूर्ण पानाचा फोटो घ्यावा. जावक क्रमांक, सही, शिक्का, तारीख स्पष्ट यायला हवी, आणि एक फोटो लांबून, बोर्ड आणि कार्यालयाचं नाव दिसेल असा. अर्धवट कापलेला फोटो ग्रुपवर फिरतो तेव्हा त्यात नेमकी शेवटची तारीखच कापलेली असते. जावक क्रमांक नसलेला ‘शासनाचा निर्णय’ आला तर तो पुढे ढकलण्याआधी तलाठी कार्यालयात एक फोन करावा.